साडेसात मीटर रस्त्यावरची १६ फ्लॅटची सोसायटी, ४० टक्के जास्तीची ऑफर आणि शेजारचं बागेचं आरक्षण

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला १६ फ्लॅटची सोसायटी, १९८९ ची बिल्डिंग, लिफ्ट नाही, प्लॉट साधारण १००० चौरस मीटर, पुढे साडेसात मीटरचा रस्ता. एक बिल्डर आलाय, म्हणतोय आहे त्यापेक्षा ४० टक्के जास्त जागा देतो, काम होईपर्यंत भाडं देतो, कुणी एक रुपया द्यायचा नाही. आणि दुसरं म्हणजे शेजारच्या मोकळ्या जागेवर बागेचं आरक्षण आहे, ते उठवायची हालचाल चालू आहे असं ऐकलंय, त्यात आपण पडावं का.

मी सोलापुरातच आर्किटेक्ट आहे, जुन्या बिल्डिंगांची कामं बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल पण सही करायच्या आधी वाचाच.

आधी ४० टक्क्यांचं बघू. रिडेव्हलपमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मुंबई येते, पाहुणे सांगतात आमच्या बोरिवलीत एवढं जास्त मिळालं, कॉर्पस म्हणजे वरची रोख रक्कम मिळाली, भाडं मिळालं. ते खरं असतं. पण ते तिथं का जमतं ते समजून घ्या. जुन्या सभासदाला जी जागा फुकट द्यायची तिचा खर्च बिल्डर विकायच्या जागेच्या नफ्यातून काढतो, दुसरा पैसा कुठून येत नाही. समजा मुंबईत सगळा खर्च धरून म्हणजे बांधकाम, प्रीमियम (जादा बांधकामासाठी सरकारला भरायचे पैसे), भाडी, व्याज मिळून स्क्वेअर फुटाला ६००० पडले आणि विक्री ३०००० ने झाली तर एका विकलेल्या फुटात २४००० सुटतात, म्हणजे एक फूट फुकट द्यायला पाव फूट विकला तरी भागलं. आता आपल्याकडं समजा सगळा खर्च २८०० आणि विक्री ४५००. सुटले १७००. म्हणजे एक फूट फुकट द्यायचा तर सव्वा-दीड नाही, जवळजवळ १.६५ फूट विकायला लागतो, आणि एवढं करून बिल्डरला नफा शून्य. आकडे तुमच्या भागाचे थोडे वरखाली करून बघा, चित्र फार बदलत नाही.

मग प्रश्न येतो की विकायला जागा किती तयार होते. इथं सगळं येऊन थांबतं ते रस्त्याच्या रुंदीवर. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर. तिच्यात गावठाणाबाहेर ९ मीटरपेक्षा कमी रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१० मिळतो आणि वर प्रीमियमचा (पैसे भरून घ्यायचा) किंवा टीडीआरचा (आरक्षणात, रस्त्यात जागा गेलेल्या मालकाला मिळतो आणि त्याच्याकडून विकत घेता येतो तो) एफएसआय मिळत नाही, तो दरवाजा ९ मीटरला उघडतो. तुमचा रस्ता साडेसात. म्हणजे १००० मीटरच्या प्लॉटवर ११०० मीटर. ३० वर्षांच्या पुढच्या किंवा धोकादायक झालेल्या बहुसदनिका इमारतींना नियम ७.६.१ मध्ये इन्सेंटिव्ह म्हणजे जादा एफएसआय आहे, जुन्या मंजूर वापरलेल्या एफएसआयच्या ३० टक्के किंवा प्रति फ्लॅट १५ चौरस मीटर, यातलं जे जास्त ते. तुमचं जुनं मंजूर बांधकाम १०७० मीटर धरलं तर ३० टक्क्यांनी ३२१ मीटर येतात, दुसऱ्या पद्धतीनं २४०, म्हणून ३२१ घ्यायचे. झाले १४२१. त्यावर राहण्याच्या इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अँसिलरी एफएसआय (बाल्कनी, जिना, लॉबी असल्या जागांसाठीचा), तो पैसे भरून, म्हणजे एकूण साधारण २२७४ मीटर, फुटात साडेचोवीस हजार. याच्यावर जात नाही.

आता जोडून बघा. तुमचे १६ फ्लॅट मिळून साडेअकरा हजार फूट. तेवढेच परत दिले, एक फूटही जास्त नाही, तर विकायला १३००० फूट राहिले, त्यातून २ कोटी २१ लाख सुटले. तुमच्या फ्लॅटचा खर्च ३ कोटी २२ लाख. तूट १ कोटीची, माणशी सव्वासहा लाखाच्या आसपास, बिल्डरचा नफा न धरता. आणि ४० टक्के जास्त द्यायचे तर तुम्हालाच १६१०० फूट गेले, विकायला ८४०० राहिले, त्यातून १ कोटी ४३ लाख येणार आणि खर्च साडेचार कोटी. तीन कोटीची भोकं पडलेली ऑफर आहे ही. प्रत्यक्षात याहून वाईट, कारण १९८९ ला बाल्कनी, जिना यातलं बरंचसं एफएसआयमध्ये धरत नव्हते, आता जवळपास सगळं धरतात, वर लिफ्ट, लॉबी आली, त्यामुळं तोच कार्पेट द्यायला आता जास्त एफएसआय खर्ची पडतो. ६० टक्के अँसिलरी ऐकून हुरळून जाऊ नका, त्यातला मोठा भाग यातच जातो.

मग बिल्डर असं का बोलतो? कधी त्यानं हिशोबच केलेला नसतो. कधी त्याला फक्त डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट हातात हवं असतं, एकदा सही झाली की तुम्ही दुसऱ्याकडं जाऊ शकत नाही आणि मग वर्षभरानं ४० चे १५ होतात, १५ चे शून्य. कधी तो रस्ता रुंद होईल या भरवशावर असतो आणि ते तुम्हाला सांगत नाही. शहरातल्या एका सोसायटीचं सांगतो, नाव नको. लोक घरं रिकामी करून भाड्यानं राहायला गेले, जुनी बिल्डिंग पाडली, मग प्लॅनला अपेक्षेएवढा एफएसआय मिळाला नाही, बिल्डरनं भाडं थांबवलं. त्यातले दोघं आजोबा नवीन घर न बघताच गेले. मी म्हणून इतकं ताणून सांगतोय की पाडायच्या आधी प्लॅन मंजूर झालेला हातात पाहिजे, नुसता ड्रॉइंगचा कागद नाही, महापालिकेचा बांधकाम परवाना. तो येईपर्यंत एकही घर रिकामं करू नका, बिल्डर कितीही जवळचा असला तरी.

"जुनं मंजूर" हा शब्द वर वापरला तो पण नीट बघा. इन्सेंटिव्ह मंजूर बांधकामावर मिळतो. बंद केलेल्या बाल्कन्या, गच्चीवर चढवलेली खोली, मागच्या साईड मार्जिनमध्ये काढलेलं किचन, हे त्यात येत नाही. त्यामुळं जुना मंजूर नकाशा आणि वापर परवाना शोधा, सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि बिल्डर ४० टक्के म्हणतो ते कशाच्या ४० टक्के ते लिहून घ्या. तुमच्या १९८९ च्या खरेदीखतात बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असणार, नव्या करारात रेराचा कार्पेट (आतली वापरायची जागा) येणार, आणि बोलताना तो सुपर बिल्टअप (जिना, लॉबीचा वाटा धरून) बोलत असणार. तिन्ही वेगळे. सोळाच्या सोळा फ्लॅट टेपनं मोजून आतला कार्पेट एका कागदावर काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या, पुढची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

आता जमिनीचा कागद. सिटी सर्व्हेचा उतारा काढून बघा नाव कुणाचं आहे. आपल्याकडं कित्येक सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा जुन्या बिल्डरच्या नावावर आहे, लोक चाळीस वर्षं टॅक्स भरतात आणि समजतात जागा आपली. कन्व्हेयन्स झालं नसेल तर मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करता येतो, बिल्डर गेलेला असला, सही देत नसला तरी. हे पहिलं काम. नाहीतर नवा बिल्डर जुन्या मालकाशी परस्पर बोलणी करून बसतो आणि तुमची बाजू पडते. आणखी एक, तुमची नक्की सोसायटीच आहे ना हे पण तपासा. सोलापुरात पुष्कळ बिल्डिंगांना आपण बोलताना सोसायटी म्हणतो पण कागदावर ती १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असते, डिक्लेरेशन केलेली, तिथं नियम वेगळा.

सोसायटी असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय लागतो. तो पूर्ण वाचा, मराठीतच आहे. तुमच्यापुरतं सांगायचं तर विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, म्हणजे १६ पैकी ११. बिल्डर निवडायला एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची लेखी संमती, म्हणजे ९ जण, हजर असलेल्यांच्या नव्हे. त्या सभेला निबंधकांचा माणूस आणि व्हिडिओ शूटिंग. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीचं कलम आहे, आपल्याकडचे बिल्डर ऐकून उठून जातात, खरंय, पण मग त्या बदल्यात विक्रीचे काही फ्लॅट तुमचा ताबा मिळेपर्यंत विकायचे नाहीत असं करारात घाला, काहीच नाही असं करू नका. कमिटीतल्या कुणाचा भाऊ-मेहुणा बिल्डरकडं किंवा आर्किटेक्टकडं नको. आणि एकदा नीट पद्धतीनं बहुमत झालं की दोन-तीन जणांच्या हट्टानं काम अडत नाही, मुंबई हायकोर्टानं हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, पण त्या दोन-तीन जणांशी बोला हो, बहुतेक वेळा तिथं एखादी एकटी राहणारी काकू असते आणि तिला दोन वर्षं कुठं राहायचं एवढीच भीती असते. विकायचे फ्लॅट असले आणि प्लॉट ५०० मीटरच्या वर किंवा फ्लॅट ८ च्या वर असले की महारेरा नोंदणी लागते, तुमच्याकडं लागणारच.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुमचा प्रश्न सोसायटीचा नाहीच, गल्लीचा आहे. तुम्ही १६ जणांनी बसून काहीही ठरवलं तरी पुढचा रस्ता साडेसात आहे तोपर्यंत गणित बसत नाही. रस्ता ९ चा झाला तर प्रीमियम आणि टीडीआर दोन्ही लागू होतात आणि मग बोलायला काहीतरी राहतं. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते, म्हणजे साडेसातचा ९ करायचा तर दोन्ही बाजूच्या प्लॉटमधून पाऊण पाऊण मीटर पट्टी जाते आणि त्या पट्टीचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते ९ चे करायचा प्रस्ताव याच कलमाखाली आला आणि त्यावर मोठा वाद झाला. वाद होणारच, कारण ज्याला बिल्डिंग पाडायची आहे त्याला रुंदी हवी असते आणि समोरच्या बंगल्यातल्या रिटायर्ड मास्तरांना त्यांचं कंपाउंड आणि नारळाचं झाड जाताना दिसतं, त्यांना एफएसआयचं काय करायचंय?

म्हणून बिल्डरला बोलवायच्या आधी गल्लीला बोलवा. तुमच्या रस्त्यावर दोन्ही टोकांपर्यंत जेवढे प्लॉट आहेत त्यांचा एक साधा नकाशा करा, महापालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, त्यात रस्ता कितीचा दाखवलाय ते बघा. हे महत्त्वाचं, कारण पुष्कळदा मंजूर लेआउटमध्ये ९ चा रस्ता असतो आणि जागेवर लोकांनी कंपाउंड पुढं घेऊन, पायऱ्या, ओटे काढून तो साडेसात केलेला असतो. तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं, २१० ची गरजच नाही, अतिक्रमण मागं घ्यायचं. तसं नसेल तर सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज करा, एकट्या सोसायटीचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो. हद्दवाढ भागातल्या लोकांनी तर हे आधी करायला पाहिजे, १९९२ ला जी गावं शहरात आली तिथं गुंठेवारीतले सहा मीटरचे, साडेचार मीटरचे बोळ आहेत, आज घरं बैठी आहेत म्हणून चालतंय, वीस वर्षांनी तिथं हाच प्रश्न दहापट होऊन येणार आहे.

गावठाणात, म्हणजे कसब्यात, पेठांमध्ये गणित वेगळं आहे, तिथं ९ च्या आतल्या रस्त्यालाही मूळ एफएसआय १.५० आहे, पण तिथं वाड्यात भावकी असते आणि भाडेकरू असतात. पाडला की भाडेकरू गेला असं समजू नका, सुप्रीम कोर्टानं २०१४ ला स्पष्ट सांगितलंय की इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. आणि भुईकोट किल्ल्याच्या आसपास असाल तर पुरातत्त्वचं १०० मीटरचं बंधन, त्या आत नवीन बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. तुम्हाला हे लागू नाही, पण हे वाचणाऱ्यांत नवी पेठ, पार्क चौकवाले असतील म्हणून सांगितलं. तुम्हाला मात्र होटगी रोडच्या विमानतळामुळं उंचीचा एनओसी कुठवर लागतो ते नकाशावर बघावं लागेल, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली ती याच उंचीच्या कारणानं, हे सगळ्यांना आठवत असेलच.

रस्ता ९ चा होणारच नसेल तर? तर फुकट हा शब्द डोक्यातून काढा आणि दुसरा हिशोब करा. सहा-सात लाखाची तूट माणशी आली ना, त्यात बिल्डरचा नफा नाही. मग स्वतःच करा. सोसायटीनं स्वतः आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर नेमून स्वयंपुनर्विकास करायचा, वरचे फ्लॅट विकायचे, प्रत्येकानं सहा ते आठ लाख हप्त्यानं घालायचे. नवीन लिफ्टची बिल्डिंग, पार्किंग, आणि फ्लॅटची किंमत घातलेल्या पैशापेक्षा जास्त वाढते. यात अडचण भांडवलाची येते हे मान्य, विक्री सुरू होईपर्यंतचे पैसे कोण देणार, आणि पेन्शनवरच्या माणसाला आठ लाख कुठून, त्यासाठी त्याला थोडा लहान फ्लॅट घेऊन कमी पैसे भरायचा पर्याय ठेवा. किंवा तिसरा मार्ग, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, ३० वर्षांपुढच्या इमारतीला ते कायद्यानंच करायचंय, महापालिका अधिनियमाचं कलम २६५ अ. ऑडिटमध्ये दुरुस्ती होण्यासारखी निघाली तर कॉलमला जॅकेटिंग (बाहेरून मजबुतीचं आवरण), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरून लिफ्ट, यात पंधरा-वीस वर्षं निघतात. मी तरी चांगल्या अवस्थेतली बिल्डिंग फक्त शेजारच्यांनी पाडली म्हणून पाडू नका असंच सांगतो. बिल्डरनं आणलेल्या इंजिनिअरच्या ऑडिटवर मात्र जाऊ नका, पैसे तुम्ही भरा, इंजिनिअर तुमचा असू दे.

पाण्याचं कुणीच विचारत नाही म्हणून मीच काढतो. आज १६ घरं, उद्या २८ झाली. माणशी १३५ लिटर, घरात पाच माणसं, म्हणजे दिवसाला १८९०० लिटर. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, चार दिवसांआड धरलं तर टाकीच पाऊण लाख लिटरची पाहिजे. बिल्डरच्या प्लॅनमध्ये २५ हजाराची दाखवलेली असते. उजनी भरून वाहत असली तरी तुमच्या नळाला कधी येतं त्यावर टाकी ठरवा आणि ती लिटरमध्ये करारात लिहा. विजापूर रोडकडं काही पट्ट्यात काळी माती खोल आहे, तिथं एवढी मोठी टाकी आणि फाउंडेशन शेजारी-शेजारी आलं की माती तपासणी न करता कामाला हात लावू नका.

आता बागेचं आरक्षण. हो, पडा त्यात, आणि लवकर पडा. आधी एक गोष्ट शोधा की ती जागा डीपीतलं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण आहे की लेआउटची ओपन स्पेस. ओपन स्पेस असेल, म्हणजे ४००० मीटर आणि वरच्या लेआउटला जी १० टक्के सोडावी लागते ती, तर ती मालकानं लेआउट मंजूर करताना प्लॉटधारकांसाठी सोडलेली असते, तिच्यावर आरक्षण उठवायचा प्रश्नच येत नाही, तिथं बांधकाम दिसलं की मंजूर लेआउटची प्रत लावून तक्रार करायची. डीपी आरक्षण असेल तर दोन वाटांनी ते जातं. एक, एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याचं कलम १२७, डीपी लागू होऊन १० वर्षं झाली आणि मालकानं नोटीस दिली की महापालिकेनं २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. इथं शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायची तरतूद नाही, त्यामुळं नोटीस आली आहे का आणि कुठल्या तारखेची हे माहिती अधिकारात आजच विचारा, आणि मुदत बाकी असेल तर टीडीआर देऊन जागा ताब्यात घ्या असा लेखी आग्रह आयुक्तांकडं धरा. मालकावर पण राग धरू नका, दहा-वीस वर्षं त्याची जागा अडकलेली असते, त्याला मोबदला मिळाला पाहिजे आणि गल्लीला बाग, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं आणि टीडीआर त्यासाठीच आहे.

दुसरी वाट त्याच कायद्याचं कलम ३७, म्हणजे डीपीत फेरबदल. त्याची राजपत्रात आणि पेपरात नोटीस येते, हरकतीला एक महिना असतो, नंतर सुनावणी आणि मग शासनाची मंजुरी. नोटीस पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात येते, गल्लीतल्या एकानं रोज बघायची जबाबदारी घ्या. हरकत देताना पन्नास जणांनी सह्या केलेला एकच कागद देऊ नका, प्रत्येकानं स्वतःच्या नावानं वेगळी द्या, त्यात भावनेपेक्षा माहिती लिहा, की अर्धा किलोमीटरमध्ये दुसरी बाग नाही, परिसरात इतक्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला चालल्यात, लोकसंख्या वाढणार आहे, पावसाचं पाणी याच जागेत मुरतं. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा आणि सुनावणीची तारीख आली की किमान दहा-बारा जण रजा टाकून जा, कारण गैरहजर राहिलात तर तुमची हरकत कागदावरच राहते आणि तुमच्या बाजूनं बोलायला तिथं कुणी नसतं.